मुळांनाही हवा हवी

गेल्या अंकात या सदरात मी बादलीतल्या पालेभाजीबद्दल लिहिलं होतं. माती नाही, पंप नाही, वीज नाही. झाकणाच्या बादलीत खत विरघळवलेलं पाणी, झाकणाला भोक, भोकात जाळीदार पेला, पेल्यात कोकोपीट किंवा स्पंजच्या तुकड्यात धरलेलं रोप, एवढीच सामग्री. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली जाते, मुळं तिच्या मागोमाग लांबतात. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही रीत अभ्यासून मांडली, म्हणून तिला क्रॅटकी पद्धत म्हणतात. लेखानंतर पत्रांचा ढीग आला. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत, लिहिणाऱ्यांची नावं मात्र दिलेली नाहीत. बऱ्याच पत्रांतली तक्रार फिरून फिरून मुळांपाशीच येते, त्यामुळे तो प्रश्न पहिला घेते.

ताई, पाच लिटरच्या डब्यात पालक लावला. सुरुवातीला इतका छान वाढला की शेजारणी बघायला आल्या. मग पाणी खाली गेलेलं दिसलं, म्हणून मी रोज सकाळी डबा काठोकाठ भरायला लागले. आता पानं मलूल पडलीत, मुळं तपकिरी झालीत आणि वास येतोय. पाणी एवढं असताना रोप सुकतंय कसं?
*– एक गृहिणी, डोंबिवली*

पाणी एवढं आहे म्हणूनच सुकतंय, ताई.

मूळसुद्धा श्वास घेतं. पानात तयार झालेली साखर खाली येते, मूळ ती जाळतं आणि त्या ताकदीवर पाणी व खत आत ओढतं. साखर जाळायला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की मूळ पाण्यात बुडालेलं असूनही पाणी ओढू शकत नाही आणि पानं माना टाकतात. आपण वरून बघतो, रोप तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी ओततो. तिथेच घात होतो.

पुढच्या वेळी निरोगी रोपाचं झाकण अलगद उचलून बघा. मुळांचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पेल्याच्या लगेच खालची मुळं आखूड, दाट आणि पांढरी असतात, त्यांच्यावर बारीक लव असते. ती पाण्याबाहेर, दमट हवेत लोंबतात आणि प्राणवायू घेण्याचं काम मुख्यतः तीच करतात. त्यांच्याखाली लांब, गुळगुळीत मुळं पाण्यात उतरलेली असतात, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. त्यांचं काम पाणी आणि खत ओढणं. पातळी हळूहळू उतरते तेव्हा वरच्या मुळांना हवेची सवय होत जाते. तुम्ही डबा काठापर्यंत भरलात त्या दिवशी ही हवेतली मुळं बुडाली. ती पाण्यात तग धरत नाहीत. ती कुजली की पिथियमसारखी बुरशी शिरते आणि मग खालची मुळंही जातात.

रोप अजून वाचू शकतं. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. जो भाग बोटात धरला की साल निसटून आत दोरा उरतो, तो कुजलेला, तो स्वच्छ कात्रीने कापून टाका. नुसता तपकिरी रंग दिसला म्हणून मात्र कापू नका. खतातल्या लोहाने मुळांवर डाग चढतात, पण तशी मुळं घट्ट असतात आणि त्यांना वास येत नाही. जुनं पाणी फेका, डबा पातळ ब्लीचने धुऊन चांगला खंगाळा, आणि नवं पाणी एवढंच भरा की उरलेल्या मुळांचा खालचा तिसरा हिस्सा बुडेल. काही दिवस डबा सावलीत ठेवा.

पातळीचा हिशोब असा. रोप लावताना पाणी पेल्याच्या बुडाला जेमतेम शिवावं. मुळं जाळीतून बाहेर आली की हात लावायचा नाही. लेट्यूसचा एक गड्डा तयार होईपर्यंत साधारण चार लिटर पाणी पितो, म्हणजे पाच लिटरच्या डब्यात एकच गड्डा लावला तर मध्ये भरायची वेळच येत नाही. पालक दाट लावला असेल आणि पाणी तळाला गेलंच, तर खत निम्म्या ताकदीचं करून थोडंच भरा. झाकणाखालच्या मोकळ्या जागेचा निदान वरचा अर्धा भाग कोरडा राहिला पाहिजे.

मी एप्रिलमध्ये गच्चीवर लेट्यूस आणि पालक लावला. लेट्यूसचं एकही बी उगवलं नाही. पालक उगवला, पण आठवड्यात झोपला. बियाणंच बोगस असेल का?
*– निवृत्त शिक्षक, नागपूर*

सर, बियाण्याला दोष देण्याआधी थर्मामीटर बघू. लेट्यूसचं बी साधारण तीस अंशांच्या वर झोपी जातं. ते मरत नाही, उगवायचं थांबतं. एप्रिलमधल्या नागपूरच्या गच्चीवर ते उगवलं असतं तरच नवल. उरलेलं बी कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि दिवाळीच्या सुमाराला ओल्या कापडात घालून स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवा. चांगलं असेल तर चार-पाच दिवसांत मोड दिसतील.

पालकाचं दुखणं डोंबिवलीच्या ताईंसारखंच आहे, फक्त वाट वेगळी. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे पाणी तापलं की हवा कमी होते, आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढते. कुजवणाऱ्या बुरशीलाही कोमट पाणीच आवडतं. गच्चीवरच्या काळ्या किंवा निळ्या बादलीतलं पाणी भर दुपारी कितीवर जातं ते बुडवून मोजा. अठरा ते चोवीस अंश उत्तम, अठ्ठावीसपर्यंत चालतं, त्यापुढे पालेभाजी कुढत जगते.

तुमच्याकडे एक सोय मात्र आहे जी मुंबईकरांना नाही, ती म्हणजे कोरडी हवा. बादलीभोवती गोणपाट गुंडाळा, त्याचं खालचं टोक पाण्याच्या परातीत सोडा आणि बादली सावलीच्या जाळीखाली ठेवा. घरच्या कूलरचं तत्त्व इथेही लागू पडतं, पाणी बऱ्यापैकी उतरतं. परातीतलं पाणी रोज बदला, तिथे डास होतात. किनारपट्टीच्या दमट हवेत गोणपाटाचा फारसा उपयोग नाही. तिथल्या मंडळींनी मासळीबाजारातला थर्माकोलचा खोका धुऊन वापरावा.

याहून साधा उपाय सांगू? मार्च ते पाऊस पडेपर्यंत लेट्यूसचा नाद सोडा आणि लाल माठ लावा. माठ हा ऊस आणि मका यांच्याप्रमाणे उन्हाचा पुरेपूर उपयोग करून घेणाऱ्या वनस्पतींतला आहे, कडक उन्हात तो खुशीत असतो. मायाळू आणि अंबाडीही चालतील. त्यांनाही बादली थंडच लागते, पण ती लेट्यूसइतकी लवकर हार मानत नाहीत.

आणि पालक लावताना पाकीट नीट वाचा. आपला देशी पालक बीटाच्या जवळचा, विलायती पालक निराळ्या जातीचा. 'ऑल ग्रीन' आणि 'पुसा ज्योती' हे देशी पालकाचे वाण, ते उष्णता बरीच सोसतात. देशी पालकाचं एक खडबडीत बी म्हणजे दोन-तीन बियांचा गोळा असतो. रात्रभर भिजवून पेरा, आणि एका जागी तीन रोपं आली तर दोन कात्रीने छाटा. उपटू नका, तिसऱ्याची मुळं दुखावतात.

आमच्याकडे बोअरचं पाणी. टीडीएस मीटर ९०० दाखवतो. घरात आरओ आहे, त्याचं बाहेर टाकलं जाणारं पाणी रोज बादलीभर वाया जातं ते बघवत नाही. ते या कामाला वापरलं तर?
*– एक वाचक, लातूर*

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूर. तिथल्या माणसाला वाया जाणारं पाणी बघवणार नाहीच, आणि 'नको' म्हणताना मलाही जड जातं. पण ते पाणी या बादलीत नको. आरओ चांगलं पाणी एका नळीने देतो आणि मूळ पाण्यातले सगळे क्षार गोळा करून दुसऱ्या नळीने सोडतो. तुमच्या ९०० च्या पाण्याचा आकडा त्यात आणखी बराच वर गेलेला असणार. त्यात खत घातलं की मुळांना पाणी ओढणंच अशक्य होतं, पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा.

बादलीसाठी आरओचं पिण्याचं पाणी दोन भाग आणि बोअरचं एक भाग मिसळा. मीटर ३०० ते ३५० च्या आसपास येईल, तेवढं चालतं. बोअरचं थोडं असू द्यावं, त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रोपाच्या कामी येतो. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस पत्रे आणि गच्ची धुऊन गेले की पुढचं पाणी पिंपात धरा, त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही. सोसायटीत किंवा घरात सॉफ्टनर बसवला असेल तर ते पाणी मात्र घेऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, पण रोपाला ते बाधतं.

जड पाण्याचं दुसरं दुखणं पानांवर दिसतं. नवी, वरची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात लोह कमी पडलं आणि आणखी लोह ओततात. लोह असतं, पण बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू (पीएच) चढतो आणि चढलेल्या सामूत मुळांना ते उचलता येत नाही. सामू ५.५ ते ६.५ मध्ये हवा. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात सामू तपासायचे थेंब मिळतात. खत घालून झाल्यावर तपासा, आधी नको, कारण खतानेही सामू थोडा उतरतो. तरी वर असेल तर सौम्य फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, हातमोजे घालून, आणि नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. लिंबूसत्त्वाने सामू उतरतो, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि काही दिवसांत आकडा पुन्हा वर येतो.

इतकं करून हा खटाटोप लातुरात करावा का? माझ्या मते जरूर करावा. झाकलेल्या बादलीतलं पाणी झिरपत नाही, उडून जात नाही, रोप पिईल तेवढंच खर्च होतं. वाफ्याला पाणी देताना असं कुठे होतं?

आमच्या सासूबाई म्हणतात, केमिकलच्या पाण्यावर वाढलेली भाजी बाळाला द्यायची नाही. बाळ आठ महिन्यांचं आहे. रासायनिक खताऐवजी जीवामृत किंवा शेणखताचं पाणी बादलीत घातलं तर?
*– एक आई, कोथरूड, पुणे*

सासूबाईंच्या म्हणण्यातला एक भाग अगदी खरा आहे, आणि तो मी सोडून देणार नाही. आधी दुसरा भाग सांगते.

रोपाला नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात लागतं. शेणखत मातीत घातलं की तिथले जिवाणू त्यातल्या नत्राचं आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, त्यानंतरच मूळ ते उचलतं. पोत्यातल्या कॅल्शियम नायट्रेटमधलं नायट्रेट आणि शेणखतातून आलेलं नायट्रेट यांत रोपाला फरक कळत नाही, कारण फरक नसतोच. जीवामृत मातीसाठी केलेलं आहे, तिथे त्याला काम आहे. बंद बादलीत ते घातलं तर त्यातले जिवाणू पाण्यातला प्राणवायू आधी स्वतः संपवतात. मुळं गुदमरतात, बादली सडते. शिवाय कच्च्या शेणातले रोगजंतू पानांच्या इतक्या जवळ, आणि ते पान बाळाच्या ताटात! हे नकोच.

आता सासूबाईंचा खरा मुद्दा. पालेभाज्या नायट्रेट साठवतात. मातीतल्या, बाजारातल्या, बादलीतल्या, सगळ्याच. खत जास्त आणि ऊन कमी असेल तर आणखी साठवतात, आणि फ्लॅटच्या गॅलरीत नेमकी हीच जोडी जमते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने नायट्रेटची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला रोज ३.७ मिलिग्रॅम धरली आहे. आठ किलोच्या बाळाला ती जवळपास ३० मिलिग्रॅम होते. पालकात किलोला दोन हजार मिलिग्रॅम नायट्रेट सहज असू शकतं, म्हणजे पंधरा ग्रॅम पालकातच ती गाठली जाते. ही मर्यादा रोज, आयुष्यभर खाण्याचा विचार करून ठरवलेली आहे, एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बाळाला रोज पालक नको, मग तो कुठलाही असो.

घरी पिकवण्याचा फायदा हा की नायट्रेट कमी करणं आपल्या हातात असतं. खत सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका. काढणीच्या तीन दिवस आधी बादलीतलं खताचं पाणी काढून साधं पाणी, तेवढ्याच पातळीपर्यंत, भरा. भाजी दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी काढा, पहाटे नाही, कारण उजेडात रोप साठवलेलं नायट्रेट वापरतं. देठात नायट्रेट जास्त असतं, बाळासाठी देठ काढून फक्त पानं घ्या. भाजी उकडलेलं पाणी टाकून द्या. शिजवलेली भाजी लगेच भरवा. ती तशीच बाहेर राहिली तर जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि लहान बाळाला खरा धोका त्याचाच. किती आणि किती वेळा द्यायची, ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा. आणि काढणीच्या वेळी सासूबाईंना बरोबर घ्या, त्यांचं लक्ष तुमच्या-माझ्याहून बारीक असेल.

आमची द्राक्षबाग आहे. ठिबकची विद्राव्य खतं घरात असतातच. मग ए आणि बी अशा महागड्या बाटल्या कशाला? १९:१९:१९ टाकलं तर भागत नाही का?
*– एक तरुण शेतकरी, तासगाव*

घरात द्राक्षबाग असेल तर बाटल्या घेऊच नका. माझे दीर निफाडला द्राक्षं लावतात, माझं खत त्यांच्याच कोठीतून येतं. पण १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) नको. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. जमिनीतले जिवाणू युरिया फोडून रोपाला देतात. बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे युरिया बराचसा तसाच पडून राहतो. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही.

दहा लिटर पाण्याला मी हे प्रमाण वापरते: कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) साडेतीन ग्रॅम, शून्य-बावन्न-चौतीस (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. यात नत्र साधारण १५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), पालाश १८५ च्या आसपास आणि कॅल्शियम १३० येतो, पालेभाजीला पुरेसा. ईसी मीटर (विजेच्या वहनावरून पाण्यातले क्षार मोजणारा) असेल तर आकडा दीड ते दोनच्या दरम्यान दिसेल, तुमचं मूळ पाणी जड असेल तर त्याहून थोडा वर. कोवळ्या रोपांना हेच निम्म्या ताकदीने द्या.

मिसळायचा क्रम चुकवू नका. कॅल्शियम नायट्रेट एका भांड्यात, बाकीची तिन्ही दुसऱ्या भांड्यात, प्रत्येकी लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळवा. बादलीत आठ लिटर पाणी घेऊन एक भांडं ओता, ढवळा, मग दुसरं. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली तर पांढरा साका तळाशी बसतो. तो म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट, रोपाच्या तोंडचा घास दगड होऊन गेलेला. ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात त्या याचसाठी.

सूक्ष्म अन्नद्रव्यांबाबत मात्र बागेचा डबा उचलू नका. फवारणीच्या बऱ्याच मिश्रणांत जस्त लोहाच्या बरोबरीने किंवा जास्त असतं. लोहाचा हिशोब जमवायला गेलं की जस्त रोपाला बाधेल इतकं होतं. लोह सगळ्यांत जास्त असलेलं, चिलेटेड (लोह पाण्यात विरघळलेलंच राहील अशा रूपातलं), पाणशेतीसाठीचंच मिश्रण घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणात घाला.

आणखी एक, हे अगदी कळकळीने सांगते. फवारणीचं पिंप, फवारणीची बादली, औषध मोजायचा पेला यातलं काहीही या कामाला वापरायचं नाही, कितीही धुतलं तरी. घरच्या भाजीसाठी वेगळी बादली, वेगळा चमचा, आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा ठेवा. खताच्या पुड्यांवर नाव लिहा. मॅग्नेशियम सल्फेट मिठासारखंच दिसतं आणि घरात लहान मुलं असतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गॅलरीतल्या बादल्या काढायला सांगितल्यात. म्हणतात डेंग्यू होईल. त्यांना काय सांगू?
*– एक वाचक, मुलुंड*

त्यांची भीती रास्त आहे हे आधी मान्य करा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडता डास होतो. अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते, ती सोसायटीलाही येऊ शकते.

मग सेक्रेटरींना बादली उघडून दाखवा. झाकण घट्ट बसतं का? पेला भोकात सैल नाही ना? हवेसाठी केलेल्या भोकावर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा चिकटवलाय ना? डासाला शिरायला फट नसेल तर तुमची बादली कुंडीखालच्या ताटलीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. आठवड्यातून एक दिवस टॉर्च घेऊन आत बघा. अळी वळवळताना दिसली तर पाणी झाडाच्या मातीत ओता, ड्रेनेजमध्ये नाही. बादलीत गप्पी मासे सोडू नका, खताचं पाणी त्यांना मानवत नाही.

आणि बादल्या ग्रिलच्या कडेवर ठेवल्या असतील तर सेक्रेटरींचं दुसरंही म्हणणं ऐका. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन. ती फरशीवर, भिंतीलगत हवी.

गच्चीवर पाइपांचा सेट बसवून देणारे आले होते. पाणी पंपाने फिरतं म्हणे. घ्यावा का?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

आत्ता नको. पाइपांत पाण्याचा पातळ थर वाहतो, मुळांना हवा भरपूर मिळते, पद्धत चांगली आहे. पण वीज गेली की उन्हाळ्यात काही तासांत मुळं सुकतात, कारण साठा नसतो. दोन हंगाम बादल्यांवर काढा, मग तुमचं तुम्हालाच कळेल. बाजारातल्या जुडीपेक्षा स्वस्त पडेल या हिशोबाने तर मुळीच घेऊ नका. बादलीतली भाजीसुद्धा पहिल्या वर्षी स्वस्त पडत नाही. ती ताजी असते आणि तिच्यावर काय मारलंय ते आपल्याला माहीत असतं, मी त्यासाठी लावते.

पावसात आमच्याकडे दिवसेंदिवस ऊन नसतं. रोपं लांबट, फिकी होतात. दिवे लावावेत का?
*– एक वाचक, म्हापसा, गोवा*

लावायचे असतील तर पांढऱ्या उजेडाच्या साध्या एलईडी ट्यूब पुरतात. रोपाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर, दिवसाला बारा ते चौदा तास. आणि बादली पागोळ्यांपासून लांब ठेवा. पावसाचं पाणी झाकणातून आत गेलं की खत पातळ होतं, पातळी चढते आणि पहिल्या पत्रातलीच गत होते. पण मला विचाराल तर जुलै-ऑगस्ट बादल्या धुऊन उपड्या घाला. त्या दिवसांत तुमच्या दारात तायकिळो (टाकळा) उगवतो, तो खा. सप्टेंबर सरता सरता पुन्हा बी भिजवा.

मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करायचा आहे. सर म्हणाले, नुसती भाजी लावून आणू नकोस, काहीतरी सिद्ध करून दाखव.
*– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी*

तुझ्या सरांचं बरोबर आहे. सारखे दोन डबे घे, दोन्हींना बाहेरून आधी काळा आणि वर पांढरा रंग दे, म्हणजे आत शेवाळ होणार नाही आणि पाणीही तापणार नाही. दोन्हींत एकाच दिवशी उगवलेली, सारख्या उंचीची देशी पालकाची रोपं लाव. पाणी, खत, ऊन सगळं सारखं ठेव. फरक एकच: एका डब्यातली पातळी आपोआप उतरू दे, दुसरा रोज पेल्यापर्यंत भर. दर तीन दिवसांनी पानं मोज, उंची मोज, झाकण उचलून मुळांचा फोटो काढ. दोन्ही डब्यांत निदान चार-चार रोपं असू देत. एकेकच रोप असलं आणि त्यातलं एक सहज आजारी पडलं, तर तू काय सिद्ध केलंस ते सांगता येणार नाही. आणि आधी ठरवून न ठेवता जे दिसेल तेच वहीत लिही.

तक्त्यावर इतिहास लिहायचा असेल तर हे दोन सन लिही. १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले होगलंड आणि आरनॉन यांनी मातीविना रोपं वाढवण्याच्या द्रावणाची पुस्तिका काढली, त्यांचं सूत्र आजही प्रयोगशाळांत वापरतात. आणि १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी आपल्याच देशात, पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगला, मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले. त्यांनी खडी-वाळूत, कमी खर्चात रोपं वाढवायची रीत बसवली, ती बंगाल पद्धत म्हणून ओळखली जाते. परीक्षकांनी 'हे परदेशी फॅड आहे का?' असं विचारलं तर कालिंपोंगचं नाव घे.

बियांची कटकट नको, खताचं मोजमाप जमत नाही. माझ्या वयाला झेपेल असं काही आहे का?
*– एक आजी, सातारा*

आहे, आजी. बाजारातून पुदिन्याची जुडी आणा. पानं चटणीला घ्या आणि चार जाड, हिरव्या काड्या ठेवून द्या. खालची पानं काढा, पेऱ्याच्या जरा खाली तिरकं कापा आणि काचेच्या पेल्यात दोन पेरी बुडतील एवढंच साधं पाणी घालून खिडकीत ठेवा, थेट उन्हात नको. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पेऱ्यापाशी पांढरी मुळं फुटतील. मग नातवाकडून तयार बाटलीतलं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं, पाण्यात घालून घ्या आणि काड्या झाकणाच्या डब्यात लावा. शेंडे खुडत राहा, जितकं खुडाल तितकं फुटेल. आणि डबा काठोकाठ भरू नका.